परदेशात गाडी चालवताना पोलिसाने थांबवले तर: गोव्याहून जाणाऱ्यांसाठी

गोव्यातून परदेशी जाणाऱ्यांच्या वाटा बहुतेक ठरलेल्या असतात. कोणी आखातात नोकरीच्या शोधात जातो, कोणी पोर्तुगालला कागदपत्रांच्या कामासाठी, तर कोणी इंग्लंडमध्ये स्विंडनला स्थायिक झालेल्या बहिणीकडे. तिथे पोहोचल्यावर भाड्याची गाडी घ्यावीशी वाटणे साहजिक आहे, कारण म्हापसा-पणजी रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्याला रहदारीची भीती अशी उरलेली नसते. अडचण येते ती पोलिसाशी किंवा कॅमेऱ्याशी गाठ पडल्यावर. आपल्याकडे तालांव, म्हणजे वाहतुकीचा दंड, हा अजूनही पुष्कळदा बोलून मिटवण्याचा विषय समजला जातो: हेल्मेट का नव्हते याचे कारण सांगितले जाते, गाव कुठले ते विचारून ओळख काढली जाते, आणि फारच झाले तर एखाद्या पंचाला फोन लावला जातो. परदेशात यातले काहीही चालत नाही, आणि ते चालवून पाहण्याचा प्रयत्न मूळ चुकीपेक्षा कितीतरी महाग पडू शकतो. म्हणून खरी तयारी रस्त्यावर नव्हे, तर गोवा सोडण्यापूर्वी करायची असते.

पहिले काम आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचे. तो ज्या देशाने मूळ परवाना दिला त्याच देशात मिळतो, त्यामुळे दुबईत किंवा लिस्बनला उतरल्यावर त्याची आठवण होऊन उपयोग नाही. अर्ज ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावरून नमुना ४-अ मध्ये करता येतो. सोबत परवाना आणि पासपोर्टच्या प्रती लागतात, आणि मूळ परवाना ज्या वाहतूक कार्यालयाच्या नोंदीत आहे तिथून तो मिळतो. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते, आणि मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तोही त्याच दिवशी संपतो. हा परवाना स्वतंत्रपणे काही सिद्ध करत नाही. तो मूळ परवान्याच्या सोबतचा कागद आहे. मूळ कार्ड घरी ठेवून नुसती पुस्तिका घेऊन गाडी चालवणारा मनुष्य तिथल्या पोलिसाच्या लेखी विनापरवाना असतो. मेरशीच्या जंक्शनवर मोबाईलमधला डिजिलॉकर दाखवून सुटका होते, पण परदेशी पोलिसाला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. कार्ड खिशातच हवे.

गोव्यातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे नावाचे स्पेलिंग. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदींमुळे आपल्याकडे एकाच घरात नाईक, कामत, प्रभू ही आडनावे रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. परवान्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरे, असे असेल तर गाडी भाड्याने देणारा कारकूनच हरकत घेतो, आणि त्याने घेतली नाही तर रस्त्यावरचा पोलीस घेऊ शकतो. ही दुरुस्ती जाण्याच्या आठवड्यात होत नाही.

कोणत्या व्हिसावर कोणता परवाना चालतो, हा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर, तो वैध असेल आणि गाडी त्या वर्गातली असेल तर, बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. संयुक्त अरब अमिरातीत पाहुणा म्हणून गेलेल्या भारतीयाला आंतरराष्ट्रीय परवान्यासह भाड्याची गाडी मिळते, परंतु निवासी व्हिसा हाती पडला की ती सवलत संपते आणि तिथलाच परवाना काढावा लागतो. व्हिसा झाल्यानंतर ‘चार दिवस चालव, कोण बघतो’ असे सांगणारे नातेवाईक प्रत्येक कंपनी-क्वार्टरमध्ये भेटतात. अशा वेळी अपघात झाला तर दंडापेक्षा विम्याचा प्रश्न भयंकर होतो, कारण वैध परवाना नसलेल्या चालकाचे नुकसान विमा कंपनी सहसा स्वतःवर घेत नाही.

आता वेगाविषयी. पोर्तुगालमध्ये मोटारीसाठी वस्तीत ताशी ५०, वस्तीबाहेर साधारण ९० आणि महामार्गावर १२० किलोमीटर ही सर्वसाधारण मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये आकडे मैलांत असतात, आणि इथेच आपला माणूस फसतो: फलकावरचे ३० म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर आणि महामार्गावरचे ७० म्हणजे सुमारे ११३. वेल्समध्ये तर १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतली सर्वसाधारण मर्यादा २० मैलांवर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटरवर आणली आहे. मोकळ्या रस्त्यावर त्या वेगाने जाताना गाडी थांबल्यासारखी वाटते, पण कॅमेऱ्याला तसे वाटत नाही. अमिरातींत दुबई आणि अबुधाबी यांच्यातला फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे. दुबईत फलकावरच्या आकड्यापेक्षा वीस किलोमीटरपर्यंतची सूट कॅमेरे देतात, हे तिथल्या प्रत्येक चालकाला ठाऊक असते. अबुधाबीने मात्र ही सूट ऑगस्ट २०१८ मध्ये काढून टाकली आणि फलकांवरचे आकडेच बदलले. दुबईच्या सवयीने सीमा ओलांडणाऱ्याला कॅमेऱ्याचा पहिला प्रसाद तिथेच मिळतो.

कॅमेरा दिसला की ब्रेक आणि मागे पडला की ॲक्सिलरेटर, ही आपली पर्वरीच्या उतारावरची रीत ब्रिटनमध्ये आणि आता पोर्तुगालमध्येही उपयोगाची नाही, कारण कित्येक ठिकाणी सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बसवलेले आहेत. पहिल्या कॅमेऱ्यापाशी गाडीचा क्रमांक आणि वेळ टिपली जाते, काही अंतरावरच्या दुसऱ्यापाशी पुन्हा टिपली जाते, आणि मधले अंतर वेळेने भागून वेग काढला जातो. अशा पट्ट्यात दोन्ही कॅमेऱ्यांपाशी शहाण्यासारखे वागूनही दंड होतो. भाड्याच्या गाडीत वेगमर्यादेचा इशारा देणारी सोय असेल तर ती बंद करू नये, तिचा आवाज कितीही कटकटीचा वाटला तरी.

प्रत्यक्ष पोलिसाने थांबवले तर काय करायचे, ते थोडे सविस्तर सांगतो. ब्रिटनमध्ये पोलिसांची गाडी बहुधा मागून येते, निळे दिवे लावते, हेडलाईट उघडझाप करते आणि डावा इंडिकेटर देते. याचा अर्थ डावीकडे सुरक्षित जागा पाहून थांबा. पोर्तुगालमध्ये शहरांत बहुधा पीएसपी आणि शहराबाहेर व महामार्गांवर जीएनआर या पोलीस दलांचे लोक हाताने इशारा करतात, आणि तिथे रहदारी उजवीकडून असल्याने थांबायचे तेही उजव्या कडेला. इंजिन बंद करावे, काच खाली करावी, रात्र असेल तर आतला दिवा लावावा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवून पोलीस जवळ येईपर्यंत जागेवर बसून राहावे. आपल्याकडे उतरून साहेबांकडे चालत जाणे ही नम्रता समजली जाते, परंतु तिकडे तोच प्रकार धमकीसारखा दिसू शकतो. कागद काढण्यासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालण्यापूर्वी तसे सांगावे. ‘आपल्याला का थांबवले, हे माहीत आहे का’ असा प्रश्न आला तर अंदाज बांधून नको तो गुन्हा कबूल करण्यापेक्षा ‘नाही, कृपया सांगावे’ एवढेच उत्तर पुरेसे आहे. खोटे मात्र बोलू नये, कारण त्याच्या हातातल्या यंत्रात सगळे आधीच असते.

तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पैसे देऊ करू नयेत. नोट परवान्यात घडी करून देणे हा सर्वत्र गंभीर फौजदारी गुन्हा आहे, आणि साध्या वेगाच्या दंडाचे रूपांतर कोठडीत व्हायला तेवढे पुरते. आखातात मोबाईल काढून पोलिसाचे चित्रीकरण करू नये, कारण परवानगीशिवाय दुसऱ्याचे चित्रण करण्याबाबतचे अमिरातींचे कायदे अतिशय कडक आहेत. तसेच रागाच्या भरात हातवारे करू नयेत किंवा अपशब्द उच्चारू नयेत; एका अश्लील खुणेवरून तिथे माणसांना देशाबाहेर काढले गेले आहे.

दंड भरण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत, आणि त्या माहीत नसल्यामुळे लोक कायदेशीर मागणीलाही लाच समजून वाद घालतात. पोर्तुगालमध्ये निवासी नसलेल्या चालकाने दंडाची किमान रक्कम जागेवरच भरावी किंवा आक्षेप घ्यायचा असेल तर दंडाची कमाल रक्कम अनामत म्हणून जमा करावी, असा नियम आहे. नकार दिला तर कागदपत्रे, आणि प्रसंगी गाडी, अडकवून ठेवता येते. वस्तीत मर्यादेपेक्षा वीस किलोमीटरपर्यंत जास्त वेग असेल तर मोटारीसाठी हा दंड ६० ते ३०० युरोंपर्यंत असतो. पोलिसाकडे कार्डाचे यंत्र असू शकते, म्हणून शक्यतो कार्डानेच भरावे आणि पावती घ्यावी. पावती देता येत नाही असे कोणी म्हणाले तर ठाण्यावर येऊन भरण्याची तयारी शांतपणे दाखवावी. भाषा समजत नसेल तर दुभाष्या मागावा, आणि न समजलेल्या कागदावर सही करू नये. ब्रिटनमध्येही स्थानिक पत्ता नसलेल्या चालकाकडून रस्त्यावर अनामत घेण्याची तरतूद आहे. अमिरातींत मात्र बहुतेक दंड कॅमेऱ्यावरून गाडीच्या क्रमांकावर जमा होतात: मर्यादेपेक्षा वीसपर्यंतच्या वेगाला ३०० दिरहम, तीसपर्यंत ६००, आणि ऐंशीच्या पलीकडे गेल्यास ३,००० दिरहमसह गाडी साठ दिवस जप्त.

कॅमेऱ्याचा दंड आपल्यापर्यंत गाडीच्या मालकामार्फत येतो. ब्रिटनमध्ये नोटीस साधारणपणे चौदा दिवसांत नोंदणीकृत मालकाला, म्हणजे भाडे-कंपनीला जाते. ती आपले नाव कळवते आणि मग आपल्या पत्त्यावर स्वतंत्र कागद निघतो, ज्याला २८ दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर न देणे हा वेगाहून वेगळा आणि जास्त जड गुन्हा आहे. त्यामुळे भाड्याच्या करारावर फोंड्याचा किंवा डिचोलीचा जुना पत्ता न लिहिता जिथे पत्र खरोखर हाती पडेल तो पत्ता लिहावा. कंपनी दंडाशिवाय स्वतःचे प्रक्रिया शुल्कही कार्डावर लावते, आणि करारात ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते. त्याबद्दल कितीही चीड आली तरी सही आपलीच असते.

दंड चुकीचा वाटला तर वाद रस्त्यावर न घालता लेखी घालावा. पोर्तुगालमध्ये नोटीस मिळाल्यापासून बचाव मांडण्यासाठी कामाचे पंधरा दिवस मिळतात. कागद नीट वाचावा: जागा, वेळ, क्रमांक, यंत्राने मोजलेला वेग, आणि यंत्राच्या संभाव्य चुकीची वजावट करून धरलेला वेग, हे सर्व त्यावर पाहावे. त्या वेळी गाडी दुसऱ्याच्या ताब्यात असल्याचा करार किंवा पेट्रोल पंपाची पावती हा खरा पुरावा. ‘मी कधीच वेगाने जात नाही’ हे वाक्य कोणत्याही भाषेत पुरावा ठरत नाही. मोबाईलवर आलेल्या दंडाच्या संदेशातली लिंक मात्र उघडू नये. दुबई पोलिसांच्या नावाने बनावट संदेश फिरतात, जसे आपल्याकडे ई-चलनच्या नावाने फिरतात. दंड आहे की नाही, ते अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर गाडीचा क्रमांक घालून पाहावे.

दारूबाबत थोडक्यात: भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, पोर्तुगालमध्ये ५०, इंग्लंडमध्ये ८०, आणि अमिरातींत शून्य. तपासणीला नकार देणे ब्रिटनमध्ये स्वतंत्र गुन्हा आहे. अटक झालीच तर १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या देशाच्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते. भारतीय पासपोर्ट असेल तर दुबईत भारतीय कॉन्सुलेट, लिस्बनला दूतावास आणि लंडनला उच्चायुक्तालय. ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन पासपोर्ट बदलला आहे, त्यांना मात्र भारतीय दूतावासाकडून ही मदत मागता येत नाही. त्यांनी पोर्तुगालच्या कॉन्सुलेटचा क्रमांक जवळ ठेवावा. गाडी परत करताना मीटरचा आणि गाडीच्या चारही बाजूंचा फोटो काढावा, कंपनीने कार्डावर अडकवलेली अनामत सुटेपर्यंत दंडाच्या सगळ्या पावत्या जपाव्यात, आणि घरी परतल्यावरही काही महिने ते कार्ड बंद करू नये.