रोमन सोन्याचं नाणं: कसोटीवर घासण्याआधी

धाराशिवला आमचं पिढीजात सराफीचं दुकान आहे. जुनं नाणं दिसलं की माझा हात आता कसोटीकडे जात नाही. आजोबांच्या काळी गिऱ्हाईकानं आणलेली जुनी नाण्यांची माळ थेट मुशीत गेली. त्यात काय होतं हे कुणी पाहिलंच नाही. ते मला अजून सलतं.

घासू नका. रिठ्याचं पाणी नको, चिंचही नको. पहिलं काम वजनाचं. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळचं ऑरियस हे सोन्याचं नाणं साधारण ७.८ ग्रॅम भरतं, म्हणजे आपल्या हिशेबात आठ मासे. इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोनं ते वजन घटवलं आणि एका रोमन पौंडात ४५ नाणी पाडली, ती ७.३ ग्रॅमच्या आसपास येतात. नंतरच्या सम्राट कॉन्स्टन्टाइनचं सॉलिडस हे सोन्याचं नाणं साडेचार ग्रॅमचं. नाण्याला कडी डाकलेली असेल तर तिचं वजन अंदाजानं वजा करा. साडेतीन ग्रॅम भरलं आणि एका बाजूला गुडघे टेकलेला माणूस दिसला, तर तो इटलीतल्या व्हेनिसचा डुकाट, तोही सोन्याचाच, पण रोमन नव्हे. आपल्या पुतळीचा नमुना तोच. घरोघरी ‘रोमन’ म्हणून जपलेलं नाणं पुष्कळदा हेच निघतं.

मग भिंग घ्या. नाण्यावरच्या चेहऱ्याभोवती अक्षरं असतात. रोमन लोक यूच्या जागी व्ही कोरायचे, म्हणून ऑगस्टसचं संक्षिप्त रूप ए-व्ही-जी असं दिसतं. आय-एम-पी म्हणजे इम्पेरातोर, सम्राटाची पदवी; सी-ओ-एस म्हणजे कॉन्सुल, रोमचं एक मोठं पद. भारतात सम्राट टायबेरियसची नाणी बरीच सापडली. त्यांच्या मागे बसलेली स्त्री आणि ‘पोंटिफ मॅक्झिम’, म्हणजे मुख्य पुरोहित, अशी अक्षरं असतात. अक्षरं नुसत्या रेघोट्यांसारखी, अर्थ न लागणारी असतील तर ती आपल्याकडच्या कारागिरानं केलेली नक्कल असू शकते. तीही जुनी असते, तिला मोडीत काढू नका. तेरला तर अशा नाण्यांच्या मातीच्या नकलाही मिळाल्या आहेत. तेर म्हणजे जुनं तगर, तिथला माल रोमशी व्यापार चालणाऱ्या भडोच बंदरात जायचा, तेव्हा नवल नाही.

कड नीट पाहा. ठशाच्या नाण्याची कड थोडी चिरलेली असते, ओतीव नाण्यावर बारीक छिद्रं किंवा साच्याची रेघ सापडते.

शेवटी पाण्याचा काटा. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. नाणं दोऱ्यानं बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. आता काट्यावर जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या मूळ वजनाला भागा. १९ च्या आसपास आलं तर सोनं चोख. ९ च्या जवळ आलं तर आत तांबं, वर मुलामा. कडी असेल तर मात्र हा हिशेब जुळत नाही.

नाणं जमिनीत सापडलं असेल तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांहून जास्त किमतीच्या प्रत्येक गुप्तधनाला तो लागू आहे. कळवण्याआधीच कागदावर लिहून ठेवा: कोणतं शेत, किती खोल, सोबत खापरं होती का.