कॉरिडॉरचा नकाशा करताय? या चुका टाळा

कॉरिडॉर म्हणजे दोन जंगलांना जोडणारी प्राण्यांची वाट. कोणतीही दोन जंगलं दिली, तरी सॉफ्टवेअर त्यांच्या मधून एक रेघ काढून देतंच. प्राणी तिथून खरंच जाईल का, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून नुसत्या रेघेवर भाळू नका. तिच्या एकूण खर्चाला (वाट किती अवघड, हे सांगणाऱ्या आकड्यांच्या बेरजेला) लांबीने भागा. भागाकार मोठा आला, तर ती वाट नावापुरतीच.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो रस्त्यांचा. दहा मीटरचा रस्ता, तीस मीटरचा पिक्सेल, म्हणजे नकाशाचा एक चौकोन. बहुमताने पिक्सेल ठरवला की शेत जिंकतं आणि रस्ता गायब! मग घाईघाईत रस्त्यांचा थर वरून चढवला जातो. तिरका रस्ता पायऱ्या-पायऱ्यांनी उमटतो, पिक्सेल नुसते कोपऱ्याला कोपरा लावून उभे राहतात, आणि आठ शेजाऱ्यांच्या नियमात (कोपऱ्यातूनही पुढच्या पिक्सेलवर जाता येतं) वाट त्या फटीतून फुकट निसटते. नकाशावर बिबट्याने महामार्ग ओलांडलेला असतो आणि त्याचा खर्च शून्य. रस्त्यांचं रास्टर, म्हणजे पिक्सेलचा नकाशा, करताना 'ऑल टच्ड' (रस्ता शिवेल तो प्रत्येक पिक्सेल धरणारा पर्याय) निवडा, मग झूम करून प्रत्येक वळण डोळ्यांनी तपासा. भुयारी मार्ग आणि मोठ्या मोऱ्यांच्या जागचे पिक्सेल हाताने मोकळे करा. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

पुढचा सापळा आकड्यांचा. जंगलाला मीटरमागे १ आणि रस्त्याला १०० खर्च दिला, तर तीस मीटरचा एक रस्ता-पिक्सेल ३,००० चा पडतो, म्हणजे जंगलातल्या तीन किलोमीटर चालीइतका. वळसा त्याहून लांब असेल, तर वाट सरळ रस्त्यावरून जाणार. काम लवकर उरकावं म्हणून पिक्सेल नव्वदचा केला, की तोच रस्ता नऊ किलोमीटरचा अडथळा होतो. पिक्सेल बदलला की रस्त्याचे आकडे पुन्हा बसवा. आकडे शेवटी अंदाजाचेच. ते दुप्पट आणि निम्मे करूनही जी वाट टिकते, तीच पुढे न्या.

अक्षांश-रेखांशातल्या रास्टरवर अंतरं मोजू नका, आधी यूटीएममध्ये (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत) आणा. 'नो डेटा' (माहितीच नसलेला) पिक्सेल म्हणजे अभेद्य भिंत, ते आधी शोधा. प्रशासकीय हद्दीवर नकाशा कापू नका. पडताळणीसाठी ठेवलेल्या कॅमेरा ट्रॅपच्या नोंदी मॉडेलमध्ये ओतू नका.

आणि नियोजनकारांच्या हाती रेघ देऊ नका. ती एका भूखंडाच्या कडेने गेली, तर शेजारचा मोकळा सुटला असं समजून तिथे बांधकामाला परवानगी मिळते. पट्टा द्या, त्यात येणाऱ्या भूखंडांची यादी द्या, आणि सगळ्यात अरुंद जागेची रुंदी मीटरमध्ये लिहा.