ट्रान्स्क्रिप्टवर बांधलेला कट मूळ सिक्वेन्सला परत कसा जोडावा

दिग्दर्शकाने मुलाखतींचा मजकूर वाचला, वाक्यं निवडली, ट्रान्स्क्रिप्टच्या ॲपमध्ये कट बांधला आणि त्या कटची नोंद असलेली एक्सएमएल फाइल तुमच्याकडे पाठवली. प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये ती उघडते, टाइमलाइनही दिसते. पण प्रत्येक क्लिप ट्रान्स्क्रिप्टसाठी तुम्हीच काढून दिलेल्या त्या हलक्या एमपी-फोरची असते. दोन कॅमेरे आणि वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज जुळवून केलेले सिंक सिक्वेन्स बिनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, तसेच पडून असतात. त्या कटमध्ये हे सिक्वेन्स कसे आणायचे, तेवढंच इथे सांगतो.

ज्यांनी सिक्वेन्स थेट सोर्स मॉनिटरमध्ये उघडून प्रीमियरच्याच टेक्स्ट पॅनलमधून कापलं, त्यांना यातलं काहीच करावं लागत नाही. प्रीमियरमध्ये ही सोय २०२३ पासून आहे. पण मराठी मुलाखतींचा मजकूर आपण बहुतेकदा व्हिस्परसारख्या, बोलणं मजकुरात उतरवणाऱ्या साधनातून बाहेरच काढतो आणि वाचणारा माणूस दुसऱ्या गावात, दुसऱ्या लॅपटॉपवर असतो. म्हणून एमपी-फोर द्यावी लागते आणि तिथून हे सगळं सुरू होतं.

आधी एक सल्ला खोडून काढतो, कारण तो हमखास मिळतो: ‘क्लिप ऑफलाइन कर आणि लिंक मीडिया मार.’ याने काही होत नाही. लिंक मीडिया डिस्कवरची फाइल मागतं. तुमचा सिंक सिक्वेन्स डिस्कवर नाही, तो प्रोजेक्टच्या आत आहे. रिप्लेस फुटेजचीही तीच गत. फाइलला एमपी-फोरचंच नाव देऊन प्रोग्रामला फसवा, असं सांगणारेही भेटतात. सिक्वेन्सला फाइल नसतेच, तर नाव कशाला देणार? इथे लिंक बदलायची नसते, टाइमलाइनवरची क्लिपच बदलायची असते.

पहिली पायरी: आलेल्या कटची प्रत काढा, पुढचं सगळं प्रतीवर करा.

दुसरी पायरी: शून्य जुळवा. सगळी गोम इथे आहे.

क्लिप बदलताना प्रोग्राम चित्र ओळखत नाही, फक्त आकडा नेतो. ‘एमपी-फोरच्या सुरुवातीपासून १२ मिनिटं ४ सेकंद’ असं असेल तर तो तुमच्या सिक्वेन्सच्या १२ मिनिटं ४ सेकंदांवर जाऊन बसतो. म्हणजे एमपी-फोरची पहिली फ्रेम आणि सिक्वेन्सची पहिली फ्रेम एकच असली पाहिजे. दोघांचा टाइमकोडही (तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा आकडा) ००:००:००:०० पासून सुरू झालेला बरा. काही जण सवयीने सिक्वेन्स १० तासांवरून सुरू करतात. या कामापुरता तो स्टार्ट टाइममध्ये जाऊन शून्यावर आणा.

मी पहिल्यांदा आपटलो ते इथेच. गिरणी कामगारांच्या नऊ मुलाखती होत्या. त्यातल्या एका सिक्वेन्सवर क्लॅपच्या जागी इन मार्क (‘इथून सुरू’ अशी खूण) राहून गेला होता आणि एक्सपोर्ट त्या मार्कपासून झाली. फरक १४ फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात साधारण अर्धा सेकंद. ३७ सेकंदांचा असता तर लगेच दिसला असता, कारण उत्तराच्या जागी आमचा प्रश्न वाजला असता. १४ फ्रेम कोणाला दिसणार? चित्र आणि आवाज दोन्ही एकत्रच सरकतात, त्यामुळे ओठही जुळलेले दिसतात. फक्त प्रत्येक क्लिप मूळ मुलाखतीत अर्धा सेकंद आधी सुरू होते आणि अर्धा सेकंद आधी संपते. आता मराठी वाक्याच्या शेवटी काय असतं ते आठवा. ‘मी काही परत गिरणीत गेलो नाही’ असं म्हणणारा माणूस आमच्या कटमध्ये ‘मी काही परत गिरणीत गेलो’ म्हणत होता. तिघांनी पाहिलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. सबटायटल करणाऱ्या मुलीने विचारलं, ‘दादा, हे गेले होते की नव्हते?’ तेव्हा कळलं.

म्हणून एमपी-फोर काढताना सिक्वेन्सवर क्लिअर इन अँड आउट करा आणि रेंजमध्ये एंटायर सोर्स निवडा. दोन्ही करा. एक केलं की दुसरं चालून जातं असं वाटतं, तेव्हाच घात होतो. सिक्वेन्सवर टाइमकोड इफेक्ट टाकून आकडा कोपऱ्यात छापा, मग पहिली फ्रेम उघडून तो शून्य आहे का ते डोळ्यांनी बघा.

एमपी-फोर आधीच चुकीची गेली असेल आणि दिग्दर्शकाचे आठ दिवस त्यावर खर्ची पडले असतील, तरी नवी पाठवू नका. सिंक सिक्वेन्सची प्रत काढा, सुरुवातीच्या त्या १४ फ्रेम सगळ्या ट्रॅकवरून एकदम कापून टाका, पुढचं सगळं मागे ओढून शून्यावर आणा आणि जोडणीसाठी ही प्रत वापरा. एकेक क्लिप स्लिप करत (जागेवरच आतलं फुटेज सरकवत) बसणारे लोक मी पाहिलेत. दोनशे क्लिपांमध्ये पाच राहतात, आणि त्या पाच नेमक्या ‘नाही’वाल्या असतात.

सेकंदाला २३.९७६ फ्रेमवर शूट करणाऱ्यांसाठी आणखी एक. एक्सएमएल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून टाइमबेसच्या (सेकंदाला किती फ्रेम, त्या आकड्याच्या) शेजारची एनटीएससी ही नोंद बघा. टाइमबेस २४ असून ती नोंद फॉल्स असेल, तर ॲपने तुमचं फुटेज नेमकं २४ चं धरलंय. तासाभरात साधारण ३.६ सेकंदांची घसरण होते. मुलाखतीची सुरुवात जुळते, शेवट जुळत नाही, आणि माणूस शून्य शोधत बसतो. २५ वर काम करणाऱ्यांच्या वाट्याला हे येत नाही.

तिसरी पायरी: क्लिप बदला. टाइमलाइनवर एखादीच क्लिप असेल तर बिनमधला सिक्वेन्स शिफ्ट आणि ऑल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून तिच्यावर ओढा. नुसता ऑल्ट दाबलात तर मुलाखत पहिल्या फ्रेमपासून येऊन बसते, म्हणजे चहाचे कप आणि माईक लावणं. शिफ्ट धरलं तरच जुना इन पॉइंट टिकतो. क्लिपा जास्त असतील तर टाइमलाइनवर फाइंडमध्ये एमपी-फोरचं नाव टाका आणि फाइंड ऑलने त्या मुलाखतीच्या सगळ्या क्लिपा निवडा. मग बिनमध्ये तिचा सिक्वेन्स निवडा आणि राइट क्लिक करून रिप्लेस विथ क्लिप, फ्रॉम बिन. आधी एकाच क्लिपवर करून बघा, मग सगळ्यांवर. लिंक्ड सिलेक्शन चालू ठेवा, नाहीतर चित्र सिक्वेन्सचं आणि आवाज एमपी-फोरचा असा संसार होतो.

बदलल्यावर चेहरा एकदम दुप्पट मोठा दिसला तर घाबरू नका. एमपी-फोर अर्ध्या आकाराची होती आणि तिला दिलेलं २०० टक्के स्केल क्लिपला चिकटून राहिलं. रिमूव्ह ॲट्रिब्यूट्समधून मोशन काढा. पुढच्या वेळी एमपी-फोर सिक्वेन्सच्याच आकाराची काढा, बिटरेट हवा तेवढा कमी ठेवा.

चौथी पायरी: तपासा, पण कानाने नाही. एमपी-फोरवाला जुना कट नव्या कटच्या वरच्या ट्रॅकवर ठेवा आणि ब्लेंड मोड डिफरन्स करा, म्हणजे दोन चित्रांतला फरकच तेवढा दिसतो. सगळं जुळलं असेल तर पडदा जवळजवळ काळा राहतो, कोपऱ्यात फक्त छापलेला आकडा चमकतो. माणसाची बाह्यरेषा भुतासारखी दिसली की ती क्लिप सरकलेली आहे. मात्र हे पहिल्या कॅमेऱ्यावरच करा. अँगल बदलल्यावर डिफरन्सला काही अर्थ उरत नाही.

आता अँगल. नेस्टवर (कटमध्ये क्लिप म्हणून बसलेल्या सिक्वेन्सवर) राइट क्लिक करून मल्टि-कॅमेरा, एनेबल केलं की सिक्वेन्सचे व्हिडिओ ट्रॅक कॅमेरे म्हणून मिळतात. फ्लॅटन (सिक्वेन्सच्या जागी निवडलेल्या कॅमेऱ्याची मूळ क्लिप बसवणं) मात्र ग्रेडिंगला, म्हणजे रंग सुधारायला, पाठवायच्या दिवशीच करा आणि तेही प्रतीवर. फ्लॅटन केलेल्या क्लिपला आपला सिक्वेन्स कुठला ते आठवत नाही. दिग्दर्शकाचा ‘दुसरा अँगल होता ना?’ असा फोन येतो तो बरोबर त्याच्या दुसऱ्या दिवशी.

एमपी-फोर फाइली डिलीट करू नका. सबटायटल होईपर्यंत तरी ठेवा.