नागपुरातल्या बायकांचा इतिहास पायी पायी कसा बघायचा

गुगल मॅपवर ऐतिहासिक ठिकाणं शोधून निघालात तर नागपुरात बायका फार कमी सापडतील, झाशी राणी चौकातला पुतळा तेवढा दिसेल, आणि राणी लक्ष्मीबाई थोरच पण ती इथली नाही ना. इथल्या बायका काय करून गेल्या ते बघायचं तर दवाखाने, शाळा, मिलची जागा आणि सभेची मैदानं धरून चालावं लागतं. म्हणून रूट ठरवताना मी एकच प्रश्न विचारते, या जागी बायका कशासाठी यायच्या? बाळंतपणाला, शिकायला, मजुरीला की भाषण ऐकायला? याचं उत्तर मिळालं की रूट आपोआप तयार होतो.

निघायच्या आधी घरातलं काम करून घ्या. आजी असेल, शेजारच्या काकू असतील, त्यांना विचारा की तुमची बाळंतपणं कुठे झाली, घरी दाईच्या हाताने की दवाखान्यात. नागपूरच्या जुन्या घरांमधे मातृसेवा संघाचं नाव निघतंच निघतं, आणि मग सीताबर्डीच्या गर्दीत त्या इमारतीसमोर उभं राहिल्यावर ती नुसती इमारत वाटत नाही.

सगळं एका दिवसात उरकायला जाऊ नका. एक सकाळ सीताबर्डी आणि महाल या जुन्या भागांची ठेवा, दुसरी कामठी रोड आणि दीक्षाभूमीची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, उन्हाळ्यात नागपुरात सकाळी नऊनंतर पायी फिरणं म्हणजे जिवाशी खेळ. तर्री पोहे खाऊन सातला निघा.

सुरुवात झिरो माईलपासून करा, तिथून विधानभवन जवळ आहे. आत जायला मिळणार नाही, बाहेरूनच बघायचं, पण बघताना अनसूयाबाई काळे हे नाव डोक्यात ठेवा. 1937 मधे त्या मध्य प्रांताच्या विधानसभेच्या उपसभापती झाल्या, 1942 च्या चले जाव आंदोलनातल्या आष्टी-चिमूरच्या लोकांना फाशीची शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी धडपडल्या आणि 1952 ला नागपूरच्या खासदार म्हणून निवडून आल्या. एवढी मोठी बाई, आणि आज कॉलेजच्या पोरींना विचारलं तर नाव माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग सीताबर्डीत मातृसेवा संघ. इथे घाई करू नका. कमलाताई होस्पेट बालविधवा होत्या, त्या काळात विधवेने कोपऱ्यात बसायचं, पण या डफरिन हॉस्पिटलमधे नर्सिंग शिकल्या आणि 1921 साली वेणूताई नेन्यांना सोबत घेऊन चार खाटांचं प्रसूतिगृह काढलं. चार खाटा! तेव्हा बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी खोली, दाईचे हात आणि बाकी नशीब, आणि दवाखान्यात गेलं तर लोक काय म्हणतील ही भीती वेगळीच, अशा वेळी बायकांना विश्वास वाटेल अशी जागा उभी करणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढे संस्थेच्या शाखा निघाल्या, सोशल वर्कचं कॉलेज निघालं, कमलाताईंना 1961 मधे पद्मश्री मिळाली. फक्त तिथे आजही पेशंट असतात हे लक्षात ठेवा, ग्रुपने आत घुसू नका आणि बायकांचे फोटो तर अजिबात काढू नका.

तिथून ऑटो करा आणि गांधी गेटला उतरा, कॉटन मार्केटच्या ट्रॅफिकमधून चालण्यात काही मजा नाही. हे गांधी गेट म्हणजे गोंड राजा चांद सुलतानच्या काळातला जुम्मा दरवाजा. चांद सुलतान गेल्यावर गादीसाठी मारामारी झाली तेव्हा त्याची राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं, आणि तिथून भोसले नागपुरात आले. म्हणजे भोसल्यांचं नागपूर एका गोंड राणीच्या निर्णयातून सुरू होतं, पण वाड्यांच्या गोष्टी सांगताना हा भाग लोक एका वाक्यात संपवतात. तुम्ही गेटखाली उभं राहून तो नीट सांगा.

महालात फिरताना बाकाबाईचा विषय काढाच. दुसऱ्या रघुजींची ही राणी, 1818 नंतर लहान वयाच्या तिसऱ्या रघुजींची पालक. 1853 ला तिसरे रघुजी वारले, 1854 ला डलहौसीने राज्य खालसा केलं, राजवाड्यातले दागिने आणि जनावरं लिलावात गेली, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत बाकाबाई होती. 1857 मधे मात्र ती इंग्रजांच्या बाजूला राहिली. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या दिवशी मारबती म्हणजे बाईचे मोठे पुतळे मिरवतात, त्यातली काळी मारबत बाकाबाईवरच्या रागातून सुरू झाली असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ती मिरवणूक एकदा तरी बघा, इतवारीच्या अरुंद रस्त्यात काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात, वरच्या गॅलऱ्या बायकापोरांनी भरलेल्या, आणि सगळे ओरडत असतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" बघताना हेही मनात असू द्या की ज्या बाईच्या नावाने हे चाललंय तिने लुटलं गेलेलं घर डोळ्यांनी बघितलं होतं. तिला माफ करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण निदान तिची पूर्ण गोष्ट माहीत असू द्या.

गांधीसागर तलावाच्या बाजूने गेलात की एम्प्रेस मिलची जागा येते, 1877 ला टाटांनी सुरू केलेली, आज तिथे मॉल आहे. या गिरणीच्या कामात बायका असायच्या आणि नागपूरच्या गिरण्यांमधूनच राधाबाई कांबळे यांच्यासारखी कामगार पुढारी तयार झाली. आसपासच्या वस्त्यांमधे मिलमधे काम केलेल्या किंवा आईला तिथे जाताना बघितलेल्या म्हाताऱ्या बायका भेटू शकतात. त्यांना "इतिहास सांगा" म्हणू नका, त्या म्हणतील आम्हाले काय माहीत बाई. "मावशी, तुम्ही रीलिंगला होत्या का वाइंडिंगला, लेकरू कुणाजवळ ठेवायच्या?" असं विचारा (ही दोन्ही गिरणीतली सूत गुंडाळायची खाती), मग बघा, तासभर उठू देणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने इंदोरा चौकात उतरा. वस्तीत बोलायची सुरुवात जय भीमने करा. या कामठी रोडशी जाईबाई चौधरींचं नाव जोडलेलं आहे, घरच्या गरिबीमुळे नागपूर-कामठी ओझी वाहायचं काम त्यांनी केलं, पण त्या शिकलेल्या होत्या, आणि 1920 च्या दशकात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. 1937 ला अखिल भारतीय महिला परिषद नागपुरात भरली तेव्हा जेवणाच्या वेळी दलित बायकांना वेगळं बसवलं गेलं. म्हणून तुमच्या रूटमधे फक्त बायका एकत्र आल्या असं गोड गोड चित्र रंगवू नका. जुलै 1942 मधे याच शहरात दलित महिलांची स्वतःची मोठी परिषद झाली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, हजारो बायका आल्या, बाबासाहेब बोलले, आणि ठराव काय तर घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वावर बंदी, मिलमधल्या बायकांना रजा आणि त्यांच्यावर देखरेखीला बाईच हवी. ते ठराव मोठ्याने वाचून दाखवा ग्रुपला, मी दाखवते, लोक एकदम गप्प होतात.

शेवटी दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांसोबत त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यांच्या मागे पांढऱ्या साड्या नेसून आलेल्या असंख्य बायकांनी. त्यांच्या मुली, नाती आजही येतात, शांतपणे बसा, बोलावंसं वाटलं तर त्या स्वतःहून बोलतील.

वेळ उरला तर एलएडी चौकात जा. मेट्रो स्टेशनलाही तेच नाव आहे, पण लेडी अमृतबाई डागा हे पूर्ण नाव तिथून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना आठवत नाही. मुलींचं हे कॉलेज 1932 पासूनचं.

आणि नोंदी ठेवा, वही असो की फोनमधलं रेकॉर्डिंग, पण रेकॉर्डिंग विचारूनच. सांगणाऱ्या बाईचं नाव तिला चालत असेल तरच लिहा आणि लिहाल तेव्हा तिचं स्वतःचं नाव लिहा, अमक्याची बायको किंवा तमक्याची आई एवढंच लिहून सोडू नका, सोबत जागा आणि साधारण साल टाका, आणि टाइप करून झालं की एक प्रिंट तिला नेऊन द्या.