परग्रहांचं हवामान शिकायचंय? आधी ढगांशी ओळख करा

सोलापुरात बी.एस्सी. करणारी मुलं-मुली मला हमखास विचारतात, ‘ताई, परग्रहांवर काम करायचं तर खगोलशास्त्रच घ्यावं लागतं ना?’ नाही. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर मी पुण्याला वातावरणशास्त्राकडे वळले आणि त्याच वाटेनं परग्रहांच्या, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या, हवामानाकडे आले. दुर्बिणीला अजून हातही लावलेला नाही आणि त्यावाचून काही अडलं नाही.

सुरुवात वहीवर करा. पृथ्वीला सूर्याकडून दर चौरस मीटरला १३६१ वॅट मिळतात. ते गोलभर वाटायचे म्हणून चारनं भागा, ३० टक्के परत फेकले जातात ते वजा करा आणि स्टीफन-बोल्ट्झमनच्या सूत्रात (बाहेर टाकलेल्या उष्णतेवरून तापमान सांगणाऱ्या) घाला. उत्तर येतं २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात सरासरी तापमान अधिक १५ च्या आसपास आहे. मधले ३३ अंश हरितगृह परिणामाचे. आता हेच गणित ट्रॅपिस्ट-१ई साठी करा. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरचा हा खडकाळ ग्रह, त्याला साधारण ९०० वॅट मिळतात. उत्तर उणे ४३. मग हा गोठलेला गोळा समजायचा का? नाही, खरी मजा इथूनच सुरू होते.

हा ग्रह सहा दिवसांत ताऱ्याभोवती फिरतो. इतक्या जवळ असल्यानं त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी, असं मानतात. म्हणजे एकीकडे न संपणारी दुपार, दुसरीकडे न संपणारी रात्र. सरासरी तापमानाला इथं फारसा अर्थ उरत नाही. बाकी सगळीकडे बर्फ असूनही भरदुपारच्या भागात समुद्र वाहता राहू शकतो. शिवाय त्याच भागात हवा सतत वर चढते, दाट ढग तयार होतात आणि ते प्रकाश परत फेकतात. २०१३ मध्ये यांग, कोवन आणि अ‍ॅबट यांनी त्रिमितीय मॉडेलमधून, म्हणजे ग्रहाची हवा आडवी-उभी सगळीकडे मोजणाऱ्या संगणकीय गणितातून, दाखवलं, की या ढगांच्या छत्रीमुळे असा ग्रह ताऱ्याच्या बराच जवळ असूनही पाणी टिकवू शकतो. फक्त खालून वर बघणाऱ्या एकमितीय मॉडेलला हे दिसतच नाही.

पण मॉडेलला तरी ढग कुठे नीट दिसतो? मॉडेल ग्रहाचे चौकोन पाडून गणित करतं. कमी रिझोल्यूशनच्या मॉडेलचा एक चौकोन साडेपाच अंशांचा, म्हणजे जवळपास ६०० किलोमीटरचा असतो. महाबळेश्वर आणि सोलापूर एकाच चौकोनात मावतात! तिकडे वर्षाला ५००० मिलीमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकाही नाही. मॉडेल मात्र दोघांना एकच आकडा देणार. म्हणून ढग सूत्रांच्या आधारे ‘मानून’ घ्यावे लागतात आणि प्रत्येक गट आपापल्या पद्धतीनं मानतो. पर्जन्यछायेत वाढलेल्याला, भरून आलेलं आभाळ न बरसता पुढे निघून जातं हे वेगळं सांगायला नको. पुण्याच्या आयआयटीएमनं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं) २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात ढगांत बीजारोपणाचा प्रयोग सोलापुरातच केला, तो याच कोड्यासाठी.

‘थाई’ नावाच्या प्रकल्पात एक्सोकॅम, एलएमडी-जी, रॉकी-थ्रीडी आणि ब्रिटिश हवामान खात्याचं युनिफाइड मॉडेल अशी चार मॉडेलं एकाच ट्रॅपिस्ट-१ई वर चालवली. निकाल २०२२ मध्ये आले. पाणी असलेल्या ग्रहाच्या चाचण्यांत सर्वांत मोठी तफावत कुठे निघाली? ढगांत. नवख्यांनी हे पेपर आधी वाचावेत. सुंदर रंगीत नकाशे नंतर.

हात घालायचा तर एक्सोप्लासिम हे मॉडेल घ्या. फुकट आहे, पायथॉनमधून चालतं, आत फोरट्रान ही जुनी संगणकभाषा आहे, साधा लॅपटॉप पुरतो. लिनक्स लागेल, नसेल तर ते विंडोजच्या आतच बसवता येतं. आधी पृथ्वी चालवा आणि ती पृथ्वीसारखी दिसते का बघा. मग ताऱ्याचं तापमान, फिरण्याचा वेग, कार्बन डायऑक्साइड यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदला. तापमानाच्या नकाशाकडे धावण्याआधी वातावरणाच्या माथ्यावरचा ऊर्जेचा जमाखर्च तपासा. तो शून्याजवळ स्थिरावला नसेल, तर मॉडेल अजून मुरलेलं नाही आणि नकाशाला काही अर्थ नाही. मे महिन्यात लॅपटॉप तापतो, वीज जाते. तेव्हा रीस्टार्ट फाईल (थांबलं तिथून पुढे चालू करणारी) जपून ठेवायची सवय लावा.

‘राहण्यायोग्य’ हा शब्द जपून वापरा. हवा आणि पाणी आहे असं आपण धरून चालतो, मॉडेल ते शोधून देत नाही. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं त्याच ताऱ्याच्या ट्रॅपिस्ट-१बी या दुसऱ्या ग्रहाच्या उजेडाच्या बाजूचं तापमान मोजलं. ते सुमारे ५०० केल्विन निघालं आणि दाट वातावरणाची खूण काही सापडली नाही.

पुढच्या शिक्षणासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाशशास्त्र विभाग आहे. सीएसआयआर-नेट परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा एकत्र विषय असतो, गेट परीक्षेतही वातावरण-महासागर हा भाग निवडता येतो. घरचे विचारतीलच, ‘नोकरीचं काय?’ निव्वळ परग्रहांवरच्या जागा आपल्याकडे अगदी मोजक्या. पण फोरट्रान, पायथॉन आणि मॉडेल चालवण्याचा अनुभव पृथ्वीच्या हवामानालाही तोच लागतो, आणि तिथं काम भरपूर आहे.