घशाच्या लेसर ऑपरेशनला जाण्याआधी

सगळ्यात आधी तोंड किती उघडतं ते बघा. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये गेली पाहिजेत. स्वरयंत्राचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असला तर लेसरचं ऑपरेशन तोंडातूनच होतं. घशात स्टीलची सरळ नळी बसवतात आणि मायक्रोस्कोपमधून बघत कार्बन डायऑक्साइड लेसरने गाठ कापतात. हा किरण वळणं घेत नाही, त्यामुळे नळी नीट बसली नाही तर गाठ दिसत नाही, आणि न दिसणारी गाठ कापता येत नाही. गुटख्याने गालाच्या आत ताठ पट्टे आलेल्यांचं घोडं इथंच अडतं. मान मागे वाकत नसेल, दात हलत असेल, कवळी किंवा कॅप असेल तर तेही ओपीडीतच सांगा, भूल देण्याच्या दिवशी नको. नळीचा दाब वरच्या दातांवर येतो आणि निसटलेला दात श्वासनलिकेत जाऊ शकतो.

बायोप्सीचा नुसता रिपोर्ट पुरत नाही. तपासलेल्या तुकड्याच्या स्लाइड आणि तो तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, सीटी स्कॅनची सीडीही ठेवा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेतून करायचं असेल तर सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी, आधार आणि रेशनकार्ड लागतं. रेशनकार्डावर बाळू आणि आधारवर बाळकृष्ण, असं असेल तर ते आधी दुरुस्त करा. लेसरला मंजुरी मिळते का, हे ॲडमिट होण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला विचारा.

संमतीचा फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असला तर मराठीत समजावून मागा, त्यात लाजायचं काही नाही. डॉक्टरांना हेही विचारा: कापलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर उरला तर पुन्हा लेसर करणार की रेडिएशन? श्वासासाठी गळ्याला भोक पाडायची वेळ येऊ शकते का? आणि लेसरऐवजी आधीच रेडिएशन घेतलं तर? लहान गाठीला दोन्ही उपाय चांगले लागू पडतात, पण रेडिएशनला आठवड्याला पाच दिवस, साधारण साडेपाच आठवडे जावं लागतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या माणसाला हा हिशेब लहान नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका, चालूही ठेवू नका. कुठली कधी थांबवायची ते लिहून घ्या. शुगरच्या काही गोळ्या तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात. विडी, तंबाखू आजच सोडा. मिश्रीही तंबाखूच आहे, पण बायका ती मोजत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत.

जेवण सहा तास आधी बंद, तेलकट असेल तर आठ. दुधाचा चहा जेवणात धरा. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, भूलतज्ज्ञाने वेगळं सांगितलं नसेल तर. चेहऱ्याला तेल, व्हॅसलीन लावून जाऊ नका. लेसर आणि ऑक्सिजन एकत्र असताना ते पेट घेऊ शकतं. नाकातोंडाजवळची दाढी-मिशी ठेवायची का, तेही विचारा.

बॅगेत पाटी-पेन्सिल टाका. नंतर काही दिवस आवाज बंद ठेवायला सांगतील, आणि कुजबुजणं म्हणजे आवाज बंद नव्हे. त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. थुंकीत रक्ताची बारीक रेघ चालते. ताजं लाल रक्त, श्वास घेताना घरघर किंवा पाणीही गिळता न येणं, यांपैकी काही झालं तर रात्र असली तरी सरळ कॅज्युअल्टीत जा. रक्तस्राव घरी गेल्यावरही होऊ शकतो, म्हणून लांबच्या गावच्यांनी पहिले काही दिवस बेळगावातच पाहुण्यांकडे राहावं.