जुन्या ट्रॅक्टरचं हायड्रोलिक ऑइल दुधाळ झालंय? नुसतं बदलू नका

डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून ऑइल बोटांवर घ्या. काळपट पण स्वच्छ असेल तर नेहमीसारखं बदला. ताकासारखं दुधाळ दिसलं, तर आत पाणी गेलंय. जुना ट्रॅक्टर घेताना हे आधी बघा, रंग-टायर नंतर.

संध्याकाळी लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) खाली टेकवून ट्रॅक्टर सपाट जागी लावा. सकाळी चालू न करता ड्रेन प्लग (ऑइल काढायचं तळाचं बूच) हळूच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे रात्रीत तळाशी बसलेलं पाणी आधी बाहेर पडतं. ऑइल दिसताच प्लग आवळा, ट्रॅक्टर थोडा फिरवा आणि कोमट ऑइल पूर्ण काढा. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रोलिक आणि डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) एकच ऑइल असतं. तिथे खाली एकापेक्षा जास्त प्लग असतील तर सगळे उघडा.

माझं घोडं अडलं ते यानंतर. नवं ऑइल भरलं, आठवड्यात पुन्हा दुधाळ. मिस्त्री म्हणाला पंप बदला. पंपाला काही झालं नव्हतं! गिअर लिव्हरचा रबरी बूट फाटला होता. पावसाचं आणि धुताना मारलेलं पाणी तिथून सरळ आत जात होतं. आधी तो बूट बदला. डिपस्टिकची सील आणि ब्रीदरही (आतली हवा ये-जा करायची टोपी) तपासा. भातशेतीत चिखलणी करणाऱ्यांनी अ‍ॅक्सलच्या सीलही बघाव्यात.

शिवाय एकदा ऑइल काढून सगळं पाणी निघत नाही, कोपऱ्यांत दुधाळ थर राहतोच. डिझेल घालून फ्लश करा, असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. डिझेलचं वंगण पुरेसं नसतं, पंप आणि बेअरिंग घासू शकतात. त्यापेक्षा योग्य ऑइल भरा, दोन-तीन दिवस हलकं काम करा आणि पुन्हा बदला. खर्च दुप्पट होतो, पण पंपापेक्षा स्वस्तच.

स्ट्रेनरची (ऑइल गाळणाऱ्या गाळणीची) जाळी दोन्ही वेळा धुवा, फाटली असेल तर नवी घाला. प्लगच्या चुंबकावर करडी लुकण (लोखंडाच्या बारीक चुऱ्याचा लगदा) असणारच. नखाला टोचणारे तुकडे सापडले तर मात्र हाउसिंग उघडावं लागेल.

ऑइल पुस्तिकेत लिहिलंय तेच घ्या. ब्रेक याच ऑइलमध्ये बुडालेले असतील तर दुकानदार देईल ते नव्वद नंबर गिअर ऑइल भरू नका, ब्रेक किंचाळतात. भरल्यावर लिफ्ट दहा-बारा वेळा वर-खाली करा, हवा निघाली की डिपस्टिक पुन्हा बघा. वर उचललेल्या अवजाराखाली हात घालू नका. गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचं ऑइल कातडीत घुसतं.